ढलप्यांचा आलेख

ती व्यापार खात्यात आकडे जुळवायची आणि तिचा नवरा शहराबाहेरच्या कागद गिरणीत मिस्त्री होता. सासऱ्यांचीही हयात त्याच गिरणीत गेली होती. लगद्याचा आंबूस वास घरातल्या कपड्यांतून कधी गेलाच नाही.

एकदा साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की आपला आणि शेजारच्या देशाचा ढलप्यांचा व्यापार गेल्या काही दशकांचा ताडून बघायचा आहे. ढलप्या म्हणजे कागदासाठी बारीक तोडून जहाजात भरतात ते लाकूड. तिने जुने आकडे धुंडाळले, मापं एकसारखी करून घेतली. पूर्वी शेजारी जगाला ढलप्या विकायचे, आपली विक्री नावापुरती. मग त्यांनी हात आखडता घेतला, स्वतःच्या गिरण्या उभ्या केल्या. आता विक्रीत आपण त्यांच्या पुढे होतो, पण ते आपल्याच ढलप्या घेऊन आपल्यालाच कागद विकत होते. तिने दोन्ही देशांच्या विक्रीच्या दोन रेघांच्या जोडीला कागदाच्या आयातीची तिसरी रेघ काढली.

साहेबांनी ती पेन्सिलीने खोडली. "विषय ढलप्यांचा आहे, बाई. कागदाचं आपल्याला कुणी विचारलंय?"

तिने समजावून पाहिलं. साहेबांनी बोलता बोलता तिच्या बढतीचा विषय काढला. तिने रेघ पुसली.

आलेख वरच्यांना फार आवडला. आपण शेजाऱ्यांना मागे टाकलं, असं भाषणांतून सांगितलं जाऊ लागलं. पाठोपाठ गिरणीसाठी राखलेलं लाकूडही बंदराकडे वळवायचा हुकूम निघाला. कामगारांनी ओरड केली, तेव्हा व्यवस्थापकाने सगळ्यांना जेवणघरात बसवून भिंतीवर तोच आलेख दाखवला. देश कुठे चाललाय बघा, म्हणाला, आणि तुम्ही जुनी यंत्रं कवटाळून बसलात.

नवऱ्याने आलेख ओळखला. घरच्या टेबलावरच तो तयार झाला होता. आपल्या देशाला हिरवा रंग दे, असं त्यानेच सुचवलं होतं.

त्या संध्याकाळी तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"तीन रेघा होत्या ना त्यात?"

"होत्या. साहेबांनी एक पुसायला लावली."

"आणि तू पुसलीस."

मी नसती पुसली तर दुसऱ्या कुणी पुसली असती, असं ती म्हणाली. आतून सासऱ्यांनी त्यालाच दटावलं, की सूनबाईला बोलू नकोस, तीही पोटासाठीच करते. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. नवऱ्याने बरेच हातपाय मारले आणि शेवटी बंदरावर काम पत्करलं. लाकूड तोडणाऱ्या यंत्राची बोथट पाती काढायची, नवी बसवायची. भुशाने त्याला खोकला जडला.

तिची बढती झाली. शेजारीपाजारी अभिनंदनाला आले, तेव्हा त्याने स्वतः चहा केला. आमच्या हिचं डोकं आकड्यांत फार चालतं, असं हसत हसत सगळ्यांना सांगितलं. मंडळी गेल्यावर तो कप विसळू लागला. ती मदतीला गेली.

"राहू दे," तो म्हणाला. "तुला सकाळी ऑफिस आहे."

त्याने कप आपल्याकडे ओढून घेतले आणि खोकत खोकत नळ मोठा केला.