केझायाच्या चुलीजवळचा हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. दगड कसा बोलेल म्हणाल, तर ज्याला दरवर्षी काठ्यांनी झोडपतात तो कधी ना कधी बोलणारच!

माझ्या एका अंगाला थोरलं मम्बरी गाव, दुसऱ्या अंगाला धाकटं मम्बरी. धाकटं थोरल्यापेक्षा मोठं आहे. का, ते विचारू नका. दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या या चिखलात मला कोणी रोवलं ते आता आठवत नाही. तेव्हा पवित्र पाणी शिंपडणारा पाद्री माझ्यावर शिंकला होता, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

पुढे ओबेड टॅपस्कॉट नावाच्या गवंड्याने माझ्याभोवती घरच बांधलं. हद्दीवरची जागा कोणाचीच नसते, हा त्याचा हिशेब. मी आलो नेमका स्वयंपाकघरात, चुलीजवळ. त्याची बायको केझाया माझ्या डोक्यावर पावाची कणीक मळायची, चीज ठेवायची आणि नवऱ्यावर रागावली की माझ्याशी बोलायची. बाई मला फार आवडायची.

पण हद्द ती हद्द. दर वसंतात दोन्ही गावं आपापली हद्द फिरून येतात, लोकांना तिचा विसर पडू नये म्हणून. ती आमच्या खिडकीतून जाते, म्हणून सगळे खिडकीतूनच आत यायचे. दार सताड उघडं असायचं, तरीही! पाद्रीसाहेब पोटाशी अडकायचे, मागचे त्यांना ढकलायचे. मग वाळुंजाच्या काठ्यांनी मला बडव बडव बडवायचे. गावात नवा माणूस असेल तर त्याला उलटा धरून त्याचं डोकं माझ्यावर आपटायचे, म्हणजे हद्द त्याच्या जन्मभर लक्षात राहते. ‘जो हद्दीचा दगड हलवील त्याला शाप’ असं सगळे एका सुरात म्हणायचे, आणि केझायाची बिअर संपवून पलीकडच्या खिडकीतून निघून जायचे.

ओबेड वारला. दोन्ही गावांचा जुना नियम होता: झोपताना उशी ज्या हद्दीत, माणूस त्या गावचा, आणि मेल्यावर मातीही तिथलीच. ओबेडची उशी थोरल्यात होती, म्हणून तो थोरल्याच्या चर्चमागे गेला. केझायाचा पलंग हद्दीवर आडवा, पण उशी तिकडेच, त्यामुळे ती निर्धास्त होती.

“मला त्याच्याशेजारीच जायचंय बाबा,” कणीक मळताना ती मला सांगायची. “माझा ओबेड अंधाराला घाबरतो. कुणाला सांगू नकोस हं.”

मी कोणाला सांगणार?

अशात मिस्टर पेनरूडक आले. हे गृहस्थ तट्टावर बसून गावोगाव हिंडायचे आणि प्रत्येक गावाचं वर्णन लिहायचे: माती कसली, चर्चचा मनोरा कोणी बांधला, सलगम कसे येतात. धाकट्या मम्बरीबद्दल त्यांनी लिहिलं, ‘उल्लेखनीय काही नाही.’ धाकट्याचे पाद्री हेक्स्ट यांना ते भलतंच झोंबलं.

“अहो, आमचे सलगम तरी बघा!”

“सलगम सगळीकडेच आहेत हो,” पेनरूडक म्हणाले. “शंभरी ओलांडलेलं माणूस असेल तर अर्धं पान देतो.”

शंभरी ओलांडलेली पंचक्रोशीत एकटी केझाया.

त्या वसंतात धाकट्याचे लोक पेनरूडकना घेऊन खिडकीतून आले, मला बडवलं, बिअर प्यायले आणि जाता जाता तिचा पलंगच उलटा फिरवला. तिने उशी उचलू नये म्हणून त्यांच्या शिंप्याने ती गादीला शिवूनही टाकली. दगड हलवायला शाप आहे, पलंगाला नाही!

“आजी, आता तू आमची!” हेक्स्ट हात चोळत म्हणाले. “पुस्तकात येशील. आणि आमच्याकडची हवाही चांगली.”

खोली एकच होती.

“चुलीत घाला तुमचं पुस्तक!” केझाया कडाडली. “माझा ओबेड तिकडे आहे. मेल्यावर हवा घेऊन काय करू, पाद्रीसाहेब?”

तिने कात्री घेतली, उशी उसवली, काखोटीला मारली आणि पेनरूडकना बाहीला धरून चर्चमागे नेलं. तिथे ओबेडच्या कबरीशेजारी गवतावर उशी टाकून आडवी झाली. “लिही रे बाबा, उशी कुठे आहे ते नीट लिही.” त्यांनी लिहिलं. तेव्हापासून ती रोज दुपारी तिथेच झोपायला जायची, कोणी पुन्हा पलंग फिरवू नये म्हणून. एका दुपारी ती उठली नाही. तिला तिथेच पुरलं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात ते खोटं नाही. माझ्यावर तिने ठेवलेलं चीज खालून ओलं झालं होतं.

गोष्ट इथेच संपती तर बरं झालं असतं. पण थोरल्याच्या लोकांना उमाळा आला. दोघांच्याही कबरीवर दगड नव्हता.

“तिचा लाडका दगड आहे की!” कबरी खोदणारा सायलस म्हणाला.

“आणि शाप?”

“ज्याच्यावर कणीक मळतात तो हद्दीचा दगड कसा? ते तर स्वयंपाकघरातलं सामान!”

हे सगळ्यांना पटलं. मला गाडीत घालून नेलं आणि एकाच दगडात दोघांचं भागावं म्हणून दोन कबरींच्या बरोबर मधोमध रोवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! केझाया पुन्हा शेजारी आली.

पुढच्या वसंतात चर्चच्या भिंतीवरून उड्या मारत धाकट्याचे लोक आले, हातात काठ्या घेऊन.

“दगड तिथे हद्द!” हेक्स्ट ओरडले, आणि मला बडवायला लागले.

झालं! माझ्या या अंगाला ओबेड, थोरल्याचा. त्या अंगाला केझाया, धाकट्याची. पेनरूडकनी थोरल्याला दिलेलं अर्धं पान काढून धाकट्याला दिलं.

सायलस पहार घेऊन धावत आला. मला उपटायला वाकला आणि एकदम मागे सरला. “नको रे बाबा,” तो म्हणाला. “आता हा हद्दीचा दगड आहे. शाप लागेल.”

तेव्हापासून मी इथेच आहे. मार खायला मी तयार आहे, माझा जन्म त्यातच गेला. पण भल्या माणसांनो, तुम्ही ना थोरल्याचे ना धाकट्याचे, तुम्हाला कसला शाप? कधी इकडे आलात तर मला हातभर बाजूला सरकवा. तिला त्याच्याशेजारी जायचं होतं हो, आणि मध्ये मी उभा आहे.