जांभईकाकांचा रिपोर्ट

"काका, उद्या तुमचीही डबी आणा," असं नर्सबाई म्हणाल्या, तेव्हा शाळेचे माळीकाका फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून पेंगत होते.

"शौचाची? माझी? मी काय तिसरीत आहे?"

"चाळीसपैकी बावीस पोरांच्या पोटात जंत निघालेत. मोठ्या बाई संडास स्वच्छ राहावा म्हणून त्याला कुलूप लावतात. पोरं जातात कुंपणामागे, आणि बागकामाच्या तासाला त्याच मातीत अनवाणी उतरतात. हे जंत तळपायातून शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. तुम्ही तर जन्मभर अनवाणी!"

पोरं त्यांना जांभईकाका म्हणत. मोठ्या बाईंनी परवाच लेखी बजावलं होतं की, पुन्हा झोपलेले दिसलात तर घरी बसा. घरी बसायला काकांची ना नव्हती, पण घरी बायको होती. "मुलगा माळी आहे म्हणाले, झोपतो हे कुणी बोललं नाही," हे ती सत्तावीस वर्षं येईल त्याला ऐकवत होती. काकांनाही ते पटलं होतं. आपण जन्माचे आळशी, याला औषध नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि त्याची त्यांना फार लाज वाटे.

चार दिवसांनी नर्सबाईंनी रिपोर्ट हातात दिला. डबीत जंतांची अंडी सापडली होती, आणि बोटातून घेतलेल्या रक्तात हिमोग्लोबिन जेमतेम सहा.

"एवढ्याशा रक्तावर तुम्ही फावडं उचलता हेच नवल. काका, तुम्ही आळशी नाही. आजारी आहात."

काकांनी तो कागद घरी नेऊन बायकोपुढे धरला. तिनं दोनदा वाचला.

"म्हणजे इतकी वर्षं मी जंतांना शिव्या घालत होते?"

"हो. पण त्यांनी काही मनावर घेतल्या नाहीत."

जंतांचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, पायात बूट आले. संडासाचं कुलूप निघालं. तिसऱ्या महिन्यात काका बायकोच्या आधी उठू लागले. त्यांनी दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, फळ्या उतरवून पुन्हा ठोकल्या, शेजाऱ्यांचं कुंपण न विचारता छाटलं. शेजारी भांडायला आले. मोठ्या बाईंचं नवं पत्र आलं: मधल्या सुट्टीत खणू नये, मुलांना खेळायला जागा उरत नाही.

"अहो, त्यातले दोन-चार जंत परत मिळतात का बघा," बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी काका पायरीवर बूट काढायला बसले आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं? चक्कर येतेय?"

"बाबाही माळीच होते. अनवाणी. आम्ही भावंडं त्यांना ऐतखाऊ म्हणायचो."

"लहान होतात तुम्ही."

"नव्हतो. मिसरूड फुटलं होतं मला. एकदा तोंडावर म्हणालो. ते मारायला उठले. दोन पावलं आले आणि मटकन खाली बसले."

"मग?"

"मग काय? मी हसलो."

हातातलं काम तसंच टाकून बायको त्यांच्याशेजारी पायरीवर येऊन बसली.