चाळीस मेंढरांचा फासा

अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? तीन महिने डोकं शिणवून तिनं हे जग उभं केलं, आणि सत्यम त्यातल्या म्हातारीला विहिरीवरून ढकलायला निघाला होता.

खेळ साधा आहे. चौघांनी टेबलाभोवती बसायचं. एकीनं जग सांगायचं, तिला मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी त्या जगात आपापलं पात्र चालवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार; आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. पैठण रोडच्या नव्या सोसायटीत, सत्यमच्या फ्लॅटवर, दर रविवारी दुपारी डाव बसायचा. अक्षदा मास्टर, सत्यम सरदार, मंजुषा वैदू, भारत घोडेस्वार.

अक्षदाच्या जगात दुष्काळ होता. तो काय हौसेनं घातला नव्हता. चितेगावच्या पलीकडं तिच्या बापाची, त्रिंबकची, मेंढरं होती आणि सलग दुसरं साल कोरडं गेलं होतं. ज्या विहिरीवर ती प्यायची, तिच्या मालकानं पंधरा दिवसांपूर्वी त्यांना हाकललं आणि पाणी टँकरला लावलं. तोच टँकर आज सोसायटीच्या फाटकात उभा होता. अक्षदा त्याला वळसा घालून वर आली आणि तिनं डाव मांडला.

खेळातल्या विहिरीवर तिच्या घरचाच कायदा होता. आधी मुकी जनावरं, मग माणसं. राखायला दगडाबाई नावाची म्हातारी.

"चाळीस मेंढरं पिऊन होईपर्यंत कोण थांबतं यार," सत्यम म्हणाला. "म्हातारीला ढकलतो, मेंढरं हाकलतो. विहिरीला आपलं कुलूप."

"ती हटायची नाही."

"छोड ना. ती काय खरी आहे का?"

मास्टरसमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. दगडाबाईचा फासा अक्षदा त्यामागं टाकणार होती. वीस पडला म्हणाली असती तर म्हातारीच्या धक्क्यानं सरदारच विहिरीत गेला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. घालवावाच मेल्याला, असं तिला फार वाटलं. पण तिच्या शब्दाला किंमत असलेली ही एवढीच जागा होती. एकदा खोटं बोलली की तीही गेली. तिनं आडोसा उचलून खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत फासा टाकला.

दोन पडले. सत्यमनं टाळी वाजवली.

"बरं," अक्षदा म्हणाली, आणि रागानं तिच्या तोंडात घरची बोली आली. "विहीर तुझी. आता तहानेचा नियम."

नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याला पाणी नाही, त्याचा रोज फासा. दहाच्या खाली पडला की मेला. गेल्या महिन्यात भारतचा घोडा असाच गेला. भारत लई गयावया करत होता, तेव्हा सत्यमनंच टेबलावर हात आपटला होता, नियम म्हणजे नियम.

"कुलूप तू लावलं, फासाबी तूच टाकायचा. चाळीस हायेत."

"सगळ्यांचा मिळून एक टाकतो ना."

"घोड्याला येगळा टाकलाय. मेंढरांनाबी एकेक. पहिली भुरी."

चौदा. भुरी वाचली.

"बांडी."

सहा. अक्षदानं वहीत बांडीवर काट मारली.

"ठेंगणी. गाभण हाय."

चार. भारत खुर्ची मागं सरकवून बसला.

सातवा फासा टाकून सत्यम थांबला. "एवढी नावं आत्ता बनवलीस?"

"नाय. बापाच्या कळपाची हायेत. खाली टँकर उभाय ना, त्याच विहिरीवर पीत व्हती."

मंजुषानं मान खाली घातली. सत्यमनं फासा टेबलावर ठेवला.

"बस ना, अक्षदा. खेळ आहे."

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "उचल. अजून तेहतीस राहिलीत."