गप्प गेलेला तारा

पात्याच्या टोकावर पिवळसर कपची दिसली आणि फुंकरकाकांनी हात जागच्या जागी थांबवला. शाई खरवडली की भुकटी निघते. कपची निघते ती लेपाची.

वेधशाळेतल्या जुन्या फोटोंच्या काचा साफ करणं हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. या काचांवर आकाश पांढुरकं आणि तारे काळे. एका बाजूला लेप, तारे त्या लेपात. दुसरी बाजू नुसती काच. तिच्यावर जुन्या लोकांनी शाईने केलेल्या खुणा. त्या खुणा तेवढ्या पात्याने खरवडून काढायच्या. म्हणून काका आधी फुंकर मारत. वाफ धरली ती काचेची बाजू. नाव त्यावरूनच पडलं होतं. आज सकाळपासून घाई चाललेली, आणि नेमकी फुंकर राहिली.

"काका, झाली का? जीव टांगणीला लागलाय माझा," संशोधक ताई आत येत म्हणाली.

"एवढं काय आहे गं त्या ताऱ्यात?"

"धुळीच्या ढगातून जन्मला तोच थोराड. थोराड तारे उधळे असतात, इंधन भराभर संपवतात. मग फुगून लाल होतात आणि मरताना असे फुटतात की आकाश उजळतं. हा मात्र गप्प गेला. आतल्या आत कोसळला, असं मी म्हणते. साहेब म्हणतात, तिथे तारा नव्हताच. तो फोटोत असेल अशा बाकीच्या काचा धुरकटल्यात. ही एकच उरली."

तिने भिंग लावलं. "या तीन ताऱ्यांच्या मधे हवा..."

काकांना न बघताच कळलं. पातं तिथेच फिरलं होतं.

ती बराच वेळ वाकून राहिली. "नाहीये," ती हळूच म्हणाली. "साहेबांचंच खरं."

आणखी एक काच बिघडली तर काकांना घरी बसवा, असं साहेबांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

"होता," काका म्हणाले. "मीच खरवडला. शाई समजून."

ताई एकदम ओरडली, "पातं पुसलंत?"

"नाही."

"हलू नका! श्वाससुद्धा सोडू नका त्याच्यावर!"

तिने चिमट्याने कपची उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काका तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

"लेपातल्या चांदीचे कण," ती म्हणाली. "मधे दाट, कडेला विरळ. शाई अशी नसते. तारा आहे, काका!" मग तिचा आवाज खाली आला. "पण तो काचेवरून निघाला कसा, ते लिहावं लागेल मला."

"तू कशाला?" काकांनी काच ठेवायचं कागदी पाकीट ओढलं आणि त्यावर लिहिलं: फुंकर न मारता खरवडली. चूक माझी. खाली सही केली.

"थांबा, मी येते साहेबांकडे."

"तू कपचीपाशी बस. शिंकू नकोस म्हणजे मिळवली," म्हणत ते पाकीट घेऊन निघाले.