भाकरतुकड्याचा शेवट

माणूस अंतराळात सहा महिने फिरून घरी येतो, आणि इकडे पृथ्वीवर त्याच्या बायकोचे केस पांढरे झालेले असतात. दार वाजवणारा तरणाताठा, दाराआडची म्हातारी. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या एका विज्ञानमालिकेतला हा भाग मला नव्याने लिहून द्यायचा होता. सासू-सुनांच्या मालिकांत मी इतकी मेलेली माणसं जिवंत केली आहेत की अंतराळातून एकाला परत आणणं म्हणजे किस झाड की पत्ती.

काम मिळालं तेही गंमतच. त्या भागाची चित्रफीत कुणालाच सापडत नव्हती. मालिका काढणाऱ्या कंपनीची स्वप्नाली लेखकांना फोन करकरून विचारत होती, कुणाला आठवतो का? मी म्हटलं, शेवटासकट आठवतो. त्याआधी वर्षभर मला कुणी कामाला बोलावलं नव्हतं. फोन वाजला की माझ्याआधी बायकोची, वनमालाचीच, मान वळायची.

शेवट मी आठवणीबरहुकूम लिहिला. म्हातारी दार उघडते, म्हणते, "थांबा, तिथंच उभे राहा." आत जाते, भाकरीचा तुकडा आणते, त्याच्यावरून ओवाळून लांब फेकते, पायावर पाणी घालते आणि मग त्याला आत घेते. लांबून, जिवावरच्या संकटातून आलेल्या माणसाला आमच्याकडे असंच घरात घेतात. स्वप्नाली फोनवर म्हणाली, "सर, किती मातीतलं आहे हो हे!" मातीतलं हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. पण काम हवं होतं.

मग कुण्या निवृत्त कॅमेरामनच्या माळ्यावर ती चित्रफीत सापडली. स्वप्नालीने शेवट मोबाइलवर पाठवला. त्यात म्हातारी दाराआड उभी राहते, कडीवर हात ठेवते आणि दार उघडतच नाही. तो बराच वेळ थांबतो आणि निघून जातो. संपलं. भाकर नाही, तुकडा नाही, काही नाही.

"सर, तुमचा शेवट छान आहे, पण वरच्यांना मूळचाच हवाय," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत बदलून द्या. नाहीतर मला दुसरा लेखक बघावा लागेल."

आयुष्यात मी कुठल्याच शेवटासाठी भांडलेलो नाही. म्हणतील तसा बदलून दिलाय. पण हा तर मी डोळ्यांनी पाहिला होता! म्हातारीचा हात, हवेत गेलेला तुकडा, सगळं. मला वेड लागलं की काय, हे तरी कळायला हवं होतं. म्हणून बस धरून गावी, तलवाड्याला गेलो. तो भाग लागला त्या संध्याकाळी सुंदररावांच्या अंगणात, गावातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे बसलेल्यांपैकी विचारण्याजोगी आता मनकर्णाकाकूच उरली होती. माझी चुलती.

काकू ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती हसली, तशा तोंडातल्या मोकळ्या जागा दिसल्या.

"आरं गहिनी, लाईट गेलती की! त्यानं दार वाजवलं आन् लाईट गेली. तुमी समदी लेकरं रडाया लागलाव, त्यो भाईरच ऱ्हायला म्हून. तू तर लईच. मग म्या सांगितलं पुढचं."

"तू सांगितलंस?"

"मंग? रडू देऊ का लेकरान्ला?"

म्हणजे मी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. अंधारात बसून, काकूच्या तोंडून. मुंबईतल्या कुणा लेखकाला भाकरतुकडा सुचला असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. स्वतःच्या अकलेची मला कीव आली.

पण त्या वर्षीची काकू मला आठवत होती. ऊसतोडीला गेलेला तिचा नवरा, तात्याबाकाका, टोळीबरोबर परत आला नव्हता. तिकडेच दुसरं घर केलं, असं गाव म्हणायचं. काकूपुढे कुणी विषय काढायचं नाही. मी कधी काढला नव्हता. त्या दिवशी निघालाच.

"काका कधीच आला नाही ना गं?"

काकूने हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"आलता. तू शिकाया गेलतास तवा. घरी कुणी न्हवतं, समदी नारायणगडाच्या जत्रंला गेलती. दार वाजवलं, नाव घेतलं माझं. म्या वळखला आवाज. भाकरीचा तुकडा बी घेतला हातात, उठून दारापस्तोर गेले."

"मग?"

"उघडलं न्हाई."

"कावून?" माझ्याही तोंडून गावचाच शब्द आला.

"राग न्हवता बाबा. थकले व्हते. लई थकले व्हते. आता त्याला पुसायचं, त्यानं सांगायचं, म्या रडायचं... कुटून आनू येवढं? त्यो उबा व्हता, मग गेला."

"आणि तो तुकडा?"

"म्याच खाल्ला. भूक लागलती."

मी मोबाइल काढून तिला चित्रफितीतला खरा शेवट दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. कडीवरचा तो हात दिसला तसा तिचा अंगठा काचेवर जाऊन थांबला.

"हिचं खरंय," ती म्हणाली. मग मोबाइल परत देत म्हणाली, "पर तू माजंच ठिव. लेकरं बघत्यात."

मी अंगणात जाऊन स्वप्नालीला फोन लावला. शेवट बदलणार नाही म्हणालो. पहिल्यांदाच कुणाला असं म्हणत होतो, त्यामुळे आवाज जरा फाटला. ती वाईट नाही, दोनदा समजावलं तिने. शेवटी म्हणाली, "मग मी दुसरं कुणीतरी बघते, सर." मी बरं म्हटलं. मूळचाच शेवट कुणीतरी लिहील आणि लेकरं तोच बघतील. वनमालाला काय सांगायचं, ते सुचेना. आत येऊन मी ओसरीच्या खांबाला टेकलो.

"ठिवलं का रं?"

"ठेवलं, काकू."

"मंग सांग की. कसं केलंस?"

तिने सूप बाजूला सारलं आणि डोळे मिटले. मी सांगायला लागलो. त्याने दार वाजवलं. तिने आवाज ओळखला. कडी काढली, त्याला दारातच थांबवलं, तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं.

"आत आला का त्यो?" काकूने डोळे न उघडताच विचारलं.

"आला."

"जेवला का?"

"जेवला, काकू. दोघंही जेवली."