काळ्या कागदातल्या काचा

पेटी न्यायला अकोल्याहून आलेल्या शास्त्रज्ञ साहेबांनी आतल्या काळ्या पुडक्याच्या कडेवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ही खळ आहे. मैद्याची. आम्ही असली लावत नाही."

धर्मपाल मास्तरनं आपली बोटं पाठीमागं नेली. खळ शाळेतली होती. फाटक्या पुस्तकांसाठी ती त्यानंच शिजवली होती.

भातकुलीपासून दोन कोसांवरच्या या शेतात परवा भर दुपारी आभाळातून एक पेटी उतरली. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी अकोल्याहून सोडलेला भलामोठा फुगा वर जाऊन फुटला, आणि छत्रीला लटकलेली ती पेटी आली थेट पोलीस पाटील देवरावांच्या पऱ्हाटीत. कापूस वेचणाऱ्या इंदूबाईला ती आधी दिसली. पेटीवर मराठीत ठळक लिहिलेलं होतं: उघडू नये, पोलिसांना कळवावे. जमलेल्या गर्दीला ते मोठ्यानं वाचून दाखवलं मास्तरनं. पाटील तार करायला अमरावतीला गेले, इंदूबाई राखणीला बसली, आणि मग पेटी उघडली कोणी? तीही मास्तरनंच!

"फक्त पाहून घेतो, मावशी," तो तिला म्हणाला होता.

अमरावतीच्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकून बिचाऱ्याला घरच्या ओढगस्तीनं परत यावं लागलं होतं. परीक्षेत न्यूट्रॉनवर त्यानं चार पानं लिहिली होती, पण पाहिलं कधी काही नव्हतं. एवढ्या उंचावरून आलेल्या पेटीत काहीतरी दिसेल, असं त्याला वाटलं. निघाल्या काय, तर काळ्या कागदात गुंडाळलेल्या साध्या काचा. त्यातली एक त्यानं उन्हात धरूनही पाहिली. काही दिसेना, तेव्हा सगळं होतं तसं बांधून खळीनं चिकटवून टाकलं.

"या काचांत आहे तरी काय, साहेब?" पाटलांनी विचारलं.

"वरून प्रचंड वेगाचे कण येतात, पाटील. काचेवरच्या लेपात ते अणूचं केंद्र फोडतात. काच रसायनात धुतली, की तिथे बारीकशी चांदणी दिसते. न्यूट्रॉनची तर स्वतःची रेघही उमटत नाही, त्यानं केलेली फोड तेवढी दिसते." साहेबांनी पुडकं खाली ठेवलं. "उजेड लागला, की काच धुतल्यावर सगळी काळी. दोन वर्षं खपलो होतो आम्ही या पुडक्यासाठी. कोणी उघडलं हे?"

 पाच वर्षांपूर्वी वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या वस्तीतला धर्मपाल पहिला मास्तर. सरकारी नोकरी. बोलला असता तर गेलीच होती.

"म्या उघडलं," इंदूबाई पुढं होऊन म्हणाली. "मले वाटलं, आत कापडचोपड असन."

मास्तरनं चमकून तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि हळूच दटावलं, "गप राहा मास्तर. आमच्या पोराइले मंग कोन शिकवन?"

साहेबांचा राग ओसरला. तेही माणूस भलेच होते. "तुमचा दोष नाही, बाई. वाचताच येत नाही, तर तुम्ही तरी काय करणार!" मग ते मास्तरकडं वळले. "मास्तर, या लोकांना दोन अक्षरं शिकवा हो."

यापेक्षा त्यांनी चार लोकांत थोबाडीत दिली असती, तर बरं वाटलं असतं त्याला. कानशिलं तापली. 

मुंबईला कारण कळवायला हवं होतं. पाटलांनी गुडघ्यावर कागद ठेवून दोन ओळींचा जबाब खरडला आणि शाईची डबी उघडली. "आन व इंदू, आंगठा."

इंदूबाईनं लुगड्याला हात पुसला, अंगठा शाईत बुडवला आणि वाकली. अंगठा टेकणार, एवढ्यात मास्तरनं कागद ओढून घेतला.

"काहून असं करून राहिले, मास्तर?" पाटील खेकसले.

"अंगठा नको, पाटील," मास्तर म्हणाला.  "इथं सही पाहिजे. ज्यानं उघडलं, त्याले वाचता येते."