दुसरीच्या स्तरावरची मालू

"यादी मशीन करतं मॅडम, मी नाय." हैबतराव साहेबांनी टॅब पद्मजाबाईंच्या पुढ्यात सरकवला. "तुमची मालू गणितात दुसरीच्या स्तरावर हाय. तिला रोह्याच्या निवासी शाळेच्या परीक्षेला कशी बसवू?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाचवीतल्या मालूला घेऊन त्या सकाळीच गडबहून पेणच्या या शिक्षण कार्यालयात येऊन दिवसभर ताटकळल्या होत्या. अपूर्णांक तोंडी सोडवणारी पोर, आणि या डबड्याच्या लेखी ती दुसरीत! प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीचा धडा, असा गाजावाजा करून कंपनीची माणसं शाळेत टॅब ठेवून गेली होती. मुलं तीस, टॅब सहा.

गडबच्या वाडीतली त्यांची शाळा पाचवीपर्यंतच. रोह्याला राहायची सोय झाली तरच पोरीला पुढे शिकवीन, असं मालूच्या आईने साफ सांगितलं होतं.

"साहेब, पहिलीच्या पोरांची नावं मशीनमध्ये चढलीच नव्हती. ती हिच्या नावावर बेरजा करायची. आणि ही आपल्या वर्गातल्या पोरांची अडलेली गणितं त्यांच्या टॅबवर सोडवून द्यायची. तुमच्या यादीत आमच्या शाळेची जी तीन नावं आहेत ना, त्यांचे गुण हिचे आहेत!"

"असं करायला सांगितलं कुणी?"

बाईंनीच सांगितलं होतं. एकटीने पाच वर्ग सांभाळताना 'मालू, जरा यांना दाखव गं' हे त्यांनी वर्षभर रोज म्हटलं होतं. आता त्यांना स्वतःचाच संताप आला.

"मग आत्ता इथे परीक्षा घ्या तिची."

हैबतरावांनी नाइलाजाने मालूचं नाव उघडलं. पडद्यावर तीन आंबे आले, मग दोन आंबे. मालूने पाच दाबलं. दहा बेरजा मिनिटभरात संपल्या. चांदणी चमकली आणि अक्षरं आली: शाब्बास! पुढचा धडा उद्या.

"उद्या?" बाई ओरडल्याच. "यादी आज पाचला बंद होतेय! तुम्ही घाला ना गणित. तुम्हाला तरी येतं का?"

शेजारच्या कारकुनांनी माना वर केल्या.

"माणसानं हात लावायचा नाय, असं वरून आलंय," हैबतराव खाली बघत म्हणाले. "माझ्यावर कशाला चिडता?"

"मग कुणावर चिडू? यंत्रावर?"

पाच वाजायला दहा मिनिटं होती. हैबतराव होती तशीच यादी वर पाठवायला टॅबवर बोट आपटू लागले. यादी काही पुढे जाईना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पडदाच अडकला.

मालू बाकावरून उठली आणि वर्गात जायची तशीच त्यांच्या खुर्चीजवळ गेली.

"तसं नाय साहेब. आधी खाली सरकवा. हा, आता त्यो हिरवा चौकोन हाय ना, तिथं दाबा."

बाईंच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत साहेबांनी दाबलं होतं.

"गेली बघा यादी," मालू म्हणाली आणि बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.